दोन दिवस, दोन वचनं आणि मस्कतची नोकरी

प्रश्न विचारणारी मुलगी 28 वर्षांची आहे, नगरला एका रुग्णालयात नर्स आहे. मस्कतहून नोकरीचं बोलावणं आलंय, पगार इथल्या तिप्पट. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, घरी आई एकटी, तिला मधुमेह. पाच आठवड्यांत उत्तर कळवायचं आहे. ती लिहिते: “तीन महिने रोज पवित्र शास्त्र वाचते, प्रार्थना करते, पण वचन येत नाही. मागच्या आठवड्यात डोळे मिटून बायबल उघडलं तर उत्पत्ती 12 निघालं, ‘तू आपला देश, आपले नातेवाईक व आपल्या बापाचे घर सोडून…’ मी रडले, वाटलं प्रभू बोलला. खात्री करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं तर रूथ 1:16, ‘तुम्ही जाल तिकडे मी येईन; तुम्ही राहाल तेथे मी राहीन.’ म्हणजे आईला सोडू नको असंच ना? काका, देव बोलतोय हे ओळखायचं कसं?”

सलाम. तू काका म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगं करतो. पस्तीस वर्षं पाळकाचं काम केलं. लग्न, बदली, जमिनीचा व्यवहार, ऑपरेशन, कशाच्याही आधी माणसं दारात येऊन हेच विचारायची: पाळकसाहेब, प्रभूची इच्छा काय? त्यामुळे तुझा प्रश्न मला नवा नाही, पण त्यातली तगमग नेहमीच नवी असते. तीन महिने रोज उठून ऐकायला बसणं ही लहान गोष्ट नाही, हे आधी सांगतो.

आता ती दोन वचनं घेऊ. तुला वाटतं तशी ती एकमेकांविरुद्ध नाहीतच.

उत्पत्ती 12 च्या जरा मागे जा. 11:31 मध्ये अब्रामाचा बाप तेरह स्वतःच सगळं कुटुंब घेऊन खास्द्यांच्या ऊर नगरातून कनानाकडे निघाला होता, पण हारानात थांबला. अब्राम निघाला तो पंचाहत्तराव्या वर्षी, आणि एकटा नाही. बायको, पुतण्या, गडीमाणसं, मालमत्ता सगळं घेऊन निघाला. बॅग भरून विमानतळावर एकट्या उभ्या असलेल्या मुलीचं हे चित्र नव्हे.

रूथचं तर त्याहून नवल आहे. “तुम्ही जाल तिकडे मी येईन” हे रूथ कुणाला म्हणते? सासूला. आणि कुठे उभी राहून? मवाबातून यहूदाकडे जाणाऱ्या वाटेवर. नामी दोन्ही सुनांना विनवते, आपापल्या माहेरी परत जा. अर्पा परतते, रूथ परतत नाही. पुढे बवाज तिला म्हणतो की तू आपले आईबाप आणि जन्मभूमी सोडून आलीस हे मला कळलं आहे. म्हणजे ‘आईला सोडू नको’ असं तू ज्या ओळीतून ऐकलंस, ती ओळ स्वतःच्या आईला सोडून निघालेल्या मुलीच्या तोंडची आहे! तरीही त्या पुस्तकाचा सगळा जीव एका निराधार विधवेला कोण सांभाळणार या काळजीत गुंतलेला आहे. जाणंही त्यात आहे आणि सांभाळणंही. एक ओळ तोडून घेतली की ती तुझ्या मनात आधीच जे चाललंय त्याचा रंग घेते. उरलेली गोष्ट मग तुला काही सांगू शकत नाही.

डोळे मिटून पान उघडण्याबद्दल मी कडक बोलतो, त्याला कारण आहे. 1987 साली मी एका खेड्यातल्या लहान मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक होतो आणि शहरातून बोलावणं आलं. रात्री गुडघ्यावर बसलो, शास्त्र उघडलं, बोट ठेवलं, ते यहोशवाच्या पहिल्या अध्यायावर पडलं: ऊठ, यार्देनेपलीकडे जा. सकाळी मी सगळ्यांना सांगितलं, प्रभूनं वचन दिलं. त्या मंडळीत तेव्हा अकरा मुलं दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या तयारीच्या, वर्गात होती, वर्ग अर्धा झाला होता. तो अर्धाच राहिला. खरी गोष्ट अशी की मला नळाचं पाणी आणि मुलांसाठी चांगली शाळा हवी होती. ते हवं असण्यात पाप नव्हतं. ते सरळ सांगून, वर्ग पुरा करून, मंडळीशी बोलून गेलो असतो तर कुणाचं मन मोडलं नसतं. पण ‘वचन मिळालं’ म्हटल्यावर कुणाला मला काही विचारताच आलं नाही, आणि मलाही स्वतःला काही विचारावं लागलं नाही. त्या मुलांपैकी एक बाई मला पंधरा वर्षांनी भेटली आणि म्हणाली, “तुम्ही आम्हाला शेवटचे धडे शिकवलेच नाहीत.” ते वाक्य अजून जात नाही.

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ताटातून वचनाची चिठ्ठी उचलतात, ती मीही उचलतो, वर्षभर बायबलमध्ये ठेवतो. सांत्वनासाठी ती गोड आहे. पण त्या चिठ्ठीवर नोकरी, लग्न, शस्त्रक्रिया ठरवू नये. यिर्मया 29:11 हे भिंतीवरच्या कॅलेंडरचं लाडकं वचन, देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ते बाबेलच्या बंदिवासातल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच पत्रात आधी लिहिलंय की तिथे घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, कारण परतायला सत्तर वर्षं लागतील. ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यांतल्या बहुतेकांनी यरुशलेम पुन्हा पाहिलंच नसणार. त्यांच्यासाठी तेच ‘हिताचं’ होतं. हे कळल्यावर ते वचन माझ्यासाठी लहान झालं नाही, जड झालं.

याच यिर्मयाचा 42 वा अध्याय कधी सवडीनं वाच. यरुशलेम पडल्यावर उरलेसुरले लोक त्याच्याकडे येऊन म्हणतात, देवाला विचार, बरं असो वाईट असो, तो सांगेल ते आम्ही करू. दहा दिवसांनी उत्तर येतं: मिसरात जाऊ नका. आणि ते त्याला खोटा ठरवून मिसरात जातात. त्यांचं मन आधीच ठरलेलं होतं, देवाकडून फक्त शिक्का हवा होता. मुली, विचारायला बसण्याआधी एकदा स्वतःला विचार: उत्तर ‘जा’ आलं तर मला कसं वाटेल, आणि ‘राहा’ आलं तर? ते खरं लिहून ठेव आणि प्रभूसमोर तसंच ठेव. लपवलेली इच्छा वचनाच्या आड जाऊन बसते, माझ्या बाबतीत झालं तसं.

मग वचन माणसाला वाट दाखवतं ते कसं? एक उदाहरण मी मननवर्गात नेहमी सांगतो. डीट्रिख बॉनहॉफर हा जर्मन पाळक जून 1939 मध्ये न्यूयॉर्कला पोचला. वय 33. हिटलरच्या सैन्यातली भरती टाळायची होती, मित्रांनी अमेरिकेत सुरक्षित काम शोधून दिलं होतं. तिथे पोचल्यापासून त्याला चैन पडेना. तो रोज जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरेव्हियन पंथाच्या बांधवांची वचनपुस्तिका वाचायचा. तिच्यात वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी चिठ्ठी टाकून निवडलेलं एक वचन असतं, आणि 1731 पासून ती छापली जाते. 20 जूनला त्यानं कळवलं की मी इथे राहणार नाही, परत जातो. त्याच दिवसांतल्या आपल्या दैनंदिनीत तो कबूल करतो की आपल्या निर्णयामागची कारणं आपल्यालाच नीट उमगत नाहीत. आणि 26 जूनला त्याच्या वाचनात 2 तीमथ्य 4:21 आलं, जिथे पौल तीमथ्याला निरोप देतो की हिवाळ्यापूर्वी होईल तितकं करून ये. ते वाक्य दिवसभर त्याच्या मागे लागलं. त्यानं लिहिलं की हे मी मला सांगितलंय असं धरलं तर तो शास्त्राचा दुरुपयोग होणार नाही. जुलैच्या सुरुवातीला तो जहाजावर चढला. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं.

यातला क्रम बघ. निर्णय आधी झाला, तोही धूसर मनानं. वचन सहा दिवसांनी आलं. आणि ते आलं ते वर्षानुवर्षं रोज, ओळीनं, आवडो न आवडो, वाचत आलेल्या माणसाकडे. त्या वाचनानं त्याचं मन असं घडलं होतं की संकटातली आपली मंडळी सोडून सुरक्षित बसणं त्याला जमेचना. मला पस्तीस वर्षांत पटलेलं हे एवढंच आहे, आणि तुला सांगायचंय तेही हेच: रोजचं मनन बहुतेक वेळा प्रश्नाचं उत्तर देत नाही, प्रश्न विचारणाऱ्याला बदलतं. बदललेल्या माणसाला मग वाट दिसायला लागते. पौल फिलिप्पैकरांसाठी प्रार्थना करतो तेव्हा तो वचनाच्या चिठ्ठ्या मागत नाही. तो मागतो की त्यांची प्रीती ज्ञानात आणि विवेकात वाढत जावी, म्हणजे श्रेष्ठ काय ते त्यांना पारखता येईल.

आपल्याकडचे नारायण वामन टिळक घे. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी 1895 मध्ये. मधला काळ वाचण्यात, प्रश्न करण्यात, झगडण्यात गेला.

तर आता तुझे पाच आठवडे. माझा सल्ला असा की पान उघडणं थांबव आणि रूथचं पुस्तक घे, ते स्वतःहून तुझ्या हाती आलंच आहे. चार अध्याय, 85 ओव्या, म्हणजे वचनं. आठवड्याला एक अध्याय. तुझ्या पाळ्या बदलत असतात, म्हणून पहाटेचा हट्ट धरू नको. नाइट करून आल्यावर डोळे मिटत असतील तर झोप, दुपारी बस. वीस मिनिटं पुरेत, पण जागा एकच ठेव आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. ॲपवर वाचत असशील तर या महिन्यापुरतं छापील शास्त्र घे, कारण मोबाइलवर मधेच येणारे निरोप मननाचा गळा घोटतात.

रोज पाच-सहा ओव्याच घे आणि मोठ्यानं वाच. पहिल्या स्तोत्रात ‘रात्रंदिवस मनन करतो’ म्हटलंय, तिथल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ पुटपुटणं, गुरगुरणं असा आहे. यशयात शिकारीवर बसलेला सिंह जे करतो त्यालाही तोच शब्द वापरलाय. आजी दळताना ओवी गुणगुणायची, तसं वाचायचं. दोनदा वाचून झालं की दुसरं भाषांतर बघ. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचं मराठी केलं ते केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायांना कळावं म्हणून. त्या 1922 मध्ये वारल्या, आणि ते संपूर्ण शास्त्र नंतर मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आलं. कुठे मिळालं तर जवळ ठेव. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबलही चांगलं आहे. एकाच वाक्याचे दोन मराठी चेहरे पाहिले की सवयीनं गुळगुळीत झालेला शब्द पुन्हा टोचतो.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे लिही, इथे काय म्हटलंय. उजवीकडे लिही, मला इथे काय म्हटलेलं हवं होतं. हे दोन रकाने वेगळे ठेवण्याची सवय लागली की अर्धं काम झालं.

एक सकाळ कशी जाते ते दाखवतो. रूथ 1:19 ते 22. नामी बेथलेहेमला परत आलीय, बाया जमल्यात, विचारतात, ही नामी का? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. मी भरलेली गेले, परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. आमच्या मननवर्गात एकदा याच ओव्यांवर सगळे गप्प बसलो होतो. मागच्या बाकावरच्या एक आजी, फारशा कधी न बोलणाऱ्या, म्हणाल्या, “ती रिकामी म्हणते तेव्हा रूथ तिच्या बाजूलाच उभी हाय की. त्या पोरीनं ऐकलं आसंल ते.” मी तो अध्याय कितीदा शिकवला होता, पण मला ती रूथ दिसली नव्हती. आता तू त्या ओव्यांपाशी बसलीस तर काय होईल मला माहीत नाही. कदाचित तुला आईचं रिकामेपण दिसेल. कदाचित हे दिसेल की तू घरात असूनही तिला तू दिसत नाहीस. जो शब्द अडेल त्याच्यापाशी थांब, पुढची ओवी घाईनं घेऊ नको. मग त्या शब्दावरून प्रभूशी बोल, आपल्या बोलीत, आईशी बोलतेस तसं. आणि शेवटची पाच मिनिटं काहीच बोलू नको.

रूथच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट तुझ्यासाठी आहे, आणि माझं मन तिच्यापाशी पुन्हा पुन्हा जातं. त्या चार अध्यायांत देव एकदाही थेट बोलत नाही. दर्शन नाही, स्वप्न नाही, संदेष्टा नाही. रूथ सरवा वेचायला जाते आणि सहज बवाजाच्या शेतात येऊन पडते, एवढंच लिहिलंय. दाणे वेचता वेचता, लोकांच्या भलेपणातून, गावाच्या वेशीवर वडीलधाऱ्यांसमोर झालेल्या व्यवहारातून वाट निघते, आणि शेवटच्या ओळींत कळतं की आपण दावीद राजाच्या पणजीची गोष्ट वाचत होतो. ‘वचन येत नाही’ असं तू म्हणतेस तेव्हा मला हे पुस्तक आठवतं.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं दिवस मागे फिरून पाहा. ही रीत लोयोलाचा इग्नेशियस या स्पॅनिश संताकडून आली. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत त्याच्या पायावर तोफेचा गोळा बसला आणि तो महिनोन्महिने अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो कधी शूरवीर होऊन मानमरातब मिळवण्याची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही बघताना सुखच वाटायचं. पण नंतर पहिल्यानं मन कोरडं पडायचं, दुसऱ्याचं समाधान टिकून राहायचं. तिथून तो त्या मागे उरणाऱ्या चवीकडे लक्ष द्यायला शिकला. तूही तीन दिवस असं धरून चाल की मी जाणार, आणि रोज रात्री काय उरलं ते लिही. मग तीन दिवस असं धर की मी राहणार. आणि त्याचा एक नियम फार कामाचा आहे: मन काळोखात असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. वॉर्डात रुग्ण दगावला, आईशी भांडण झालं, त्या रात्री मस्कतला हो किंवा नाही काहीही कळवू नको.

मात्र ‘शांती मिळाली म्हणजे देवाची इच्छा’ हे आपल्या साक्षींमध्ये फार सहज म्हटलं जातं, आणि मला ते मान्य नाही. योना देवापासून पळत होता तेव्हा जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. आणि गेथशेमाने बागेत प्रभू पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता, तेव्हा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. सुटकेचं सुख आणि देवाची शांती वेगळी असते. पहिलं दोन-चार दिवसांत विरतं आणि त्याला कुणी प्रश्न विचारलेला खपत नाही. दुसऱ्याला खपतो.

म्हणून एकटीनं ठरवू नको. शमुवेलाला देवानं हाक मारली तेव्हा त्याला तीनदा वाटलं की म्हातारा एलीच बोलावतोय. ती हाक देवाची हे ओळखलं एलीनं, ज्याची नजर मंद झाली होती. मंडळीतली दोन माणसं निवड. त्यांतलं एक असं असू दे जे तुला हो ला हो म्हणणार नाही. त्यांना वहीतली पानं वाचून दाखव.

आणि कागदपत्रं. हे मननाच्या बाहेरचं समजू नको. नहेम्यानं किस्लेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे जवळपास चार महिने, उपास-प्रार्थना केली, आणि राजानं विचारलं तेव्हा त्याच्याकडे मुदत, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रं आणि लाकूडफाट्याची मागणी सगळं तयार होतं. तुझी एजन्सी भारत सरकारच्या ई-मायग्रेट या परदेशी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर नोंदलेली आहे का ते पाहा. करारात सुट्टी किती, येण्याजाण्याचं तिकीट कोण देणार, मुदतीआधी सोडलं तर काय, हे लेखी घे. एजंट लेखी द्यायला टाळत असेल तर त्यासाठी वेगळ्या वचनाची वाट बघायला नको.

राहिली आई. प्रभू वधस्तंभावर असताना त्यानं आईकडे पाहिलं आणि तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती दिलं. तो खाली उतरला नाही, आणि तिला वाऱ्यावरही सोडलं नाही. त्यानंच परूश्यांना सुनावलं होतं की ‘हे देवाला वाहिलं’ म्हणून आईबापांचा हक्क बुडवू नका. हे दोन उतारे शेजारी ठेवले की मला तुझा प्रश्न जरा वेगळा दिसतो. जाऊ की राहू याच्या आधी हे आहे: आईची साखर कोण तपासणार, रात्री तिला चक्कर आली तर दार कोण ठोठावणार? त्याला एखाद्या खऱ्या माणसाचं नाव मिळालं तर जाण्याचा विचार मोकळ्या मनानं करता येईल. नाही मिळालं तर तेही ऐकण्यासारखंच उत्तर आहे.

पाचव्या आठवड्यातही स्पष्ट झालं नाही तर? तरी ठरव. पौल आसियात जाऊ पाहत होता, अडवला गेला. बिथुनियात जाऊ पाहत होता, तिथेही अडवला गेला. दोन दारं बंद झाल्यावर त्रोवसला त्याला मासेदोनियाच्या माणसाचं दर्शन झालं, आणि तिथेही लिहिलंय की आम्ही त्यावरून अनुमान केलं. चालणाऱ्याला वळवता येतं. मस्कतहून परत येता येतं, आणि नगरला राहूनही पुढच्या वर्षी अर्ज करता येतो.

तू लिहिलंस की आई ‘जा’ म्हणते पण तोंड फिरवून म्हणते. तिच्याबरोबर तू यातलं काहीच वाचलेलं नाहीस असं पत्रावरून वाटतं. आज जेवणं झाली, भांडी आवरली की तिच्या शेजारी बस आणि रूथचा पहिला अध्याय तिला मोठ्यानं वाचून दाखव. बावीस ओव्या आहेत, पाच मिनिटं लागतात. वाचून झाल्यावर काही विचारू नको, ती काय म्हणते ते ऐक.